साडूचं आतडं

“यांची गाठ तुमच्यापेक्षा बोटभर खालीच आहे, सर. तरी यांची खालची वाट वाचेल असं वाटतंय मला,” डॉक्टर विरुपाक्ष हातातले रबरी मोजे उतरवत म्हणाले आणि बेसिनकडं वळले. नळ सुटला, साबणाचा उग्र वास आला, खिडकीखालून एक टांगा गेला. पडद्यामागं तपासणीच्या टेबलावरून उतरलेले आबासाहेब पायजम्याची नाडी बांधत होते आणि अधूनमधून ‘आई गं’ म्हणत होते. हिंदुराव खुर्चीत होते तसेच बसून राहिले. आबासाहेब त्यांचे साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. मोहोळला त्यांचं आडत दुकान होतं. गेल्या दिवाळीपासून त्यांना रक्त पडत होतं आणि गावातला एक वैद्य मूळव्याधीच्या पुड्या देत होता. शेवटी हिंदुरावांनीच त्यांना सोलापूरला बोलावून इथं आणलं. या विषयातले घरातले जाणकार तेच. पाच वर्षांपूर्वी, चौऱ्याहत्तर साली, त्यांचं स्वतःचं मोठं आतडं खालून वीतभर कापून टाकलं होतं, खालची वाट टाके घालून कायमची बंद केली होती आणि पोटाच्या डाव्या बाजूला आतड्याचं तोंड बाहेर काढून ठेवलं होतं. त्या तोंडावर प्लॅस्टिकचं कडं, कड्याला पिशवी आणि सगळं जागच्या जागी राहावं म्हणून कंबरेला पट्टा. घरात या व्यवस्थेला ‘सोय’ म्हणत. सोय झाली का, सोय वाळत घातलीय, पाहुणे यायच्या आत सोय आवरून घ्या. मराठी माणसाला कुठल्याही गोष्टीला सभ्य नाव देता येतं.

“म्हणजे?” हिंदुरावांनी विचारलं. आवाज वर्गातला आला. ते कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत, आणि खालच्या गाठीची वाट वाचते पण वरच्या गाठीची वाचत नाही हे विधान कुठल्याच आकृतीत बसत नव्हतं.

“म्हणजे गाठ काढायची, खालचं तोंड तसंच ठेवायचं आणि वरचं आतडं खाली आणून त्याला जोडायचं. पूर्वीही वरच्या गाठींना करायचे. पण इतक्या खाली, ओटीपोटाच्या हाडांच्या आत, हातानं टाके घालणं अवघड. आता बंदूक आलीय.”

“बंदूक?” पडद्यामागून आबासाहेब म्हणाले.

“घाबरू नका, मालक. खालून आत घालायची आणि दाबायची. बारीक पिनांच्या दोन गोल ओळी बसतात आणि मधलं आपोआप कापलं जातं. मूळची रशियन. विलायतेहून येताना माझ्या सरांनी दिली.”

“पेपराला पिना मारत्यात तसंच की वो दाजी,” आबासाहेब पडदा सारून बाहेर आले. चेहरा घामेजलेला, पण हसत होते. हा माणूस कुठंही हसे.

“आणि दुसरं असं,” डॉक्टर पुढं बोलत होते, “गाठीच्या खाली पाच सेंटिमीटर निरोगी आतडं कापायचंच, असा नियम होता. आमच्या तिथं कापलेली आतडी भिंगाखाली घालून पाहिली. रोग दोनच्या पलीकडं क्वचितच गेलेला. पाचाचा आकडा बराचसा सवयीनं चालत आलेला. तुमच्या वेळी सगळेच पाळायचे, सर. तुमच्या सर्जननी बरोबरच केलं. तेव्हाच्या मानानं.”

“आणि माझी गाठ आज असती तर?” हे विचारायचं हिंदुरावांच्या मनात नव्हतं. प्रश्न आपला आपण तोंडातून बाहेर आला.

“तुमची?” डॉक्टर एकेक बोट पुसत होते. “तुमची तर सोपी होती.”

बाहेर आल्यावर साडू आणि त्यांची बायको मथुरा यांना टांग्यात बसवून हिंदुराव ‘कॉलेजात जरा काम आहे’ म्हणाले. मे महिन्यात कॉलेजात कसलंही काम नसतं हे मथुरेला माहीत नव्हतं. ते नुसतेच चालत सुटले. डांबर मऊ झालं होतं. बोळातून मागांची खटखट येत होती, एका दारात तेलुगू बोलणाऱ्या दोन बायका सुताच्या लडी झटकत होत्या आणि गिरणीचा भोंगा नेहमीसारखा, कुणाचंही काही बिघडलेलं नसल्यासारखा वाजला. पाचातून दोन गेले तीन. तीन सेंटिमीटर म्हणजे केवढं, हे त्यांना लगेच कळलं: फळ्यावर दोन तास लिहून झाल्यावर उरतो तेवढा खडू. तो ते टेबलावर ठेवत नसत, खिडकीतून टाकून देत. शर्टाखाली पिशवी उन्हानं तापून पोटाला चिकटली होती आणि प्रत्येक पावलाला सूक्ष्म आवाज करत होती. तो फक्त त्यांनाच ऐकू येतो की सगळ्या सोलापूरला, याचा निर्णय पाच वर्षांत झाला नव्हता. राग कुणाचा यावा हे ते पद्धतशीर शोधू लागले. म्हाताऱ्या सर्जनचा येईना. त्या माणसानं त्यांना जिवंत ठेवलं होतं आणि स्वतः गेल्या वर्षी वारला होता. रोगाचा येऊन उपयोग नव्हता. विरुपाक्षांचा यावा तर तो पोरगा खरंच हुशार. एकेक पर्याय गळत शेवटी एकच उरला: पडद्यामागं नाडी बांधणारे आबासाहेब. मोहोळच्या वैद्याच्या पुड्या खात बसलेल्या, आडतीच्या गादीवर दिवसभर शेंगा खाणाऱ्या या माणसानं असं काय केलं होतं की त्याच्यासाठी विलायतेत माणसांनी आतडी भिंगाखाली घालून पाहावीत आणि रशियानं बंदूक बनवावी? वेळेवर आजारी पडण्याचीसुद्धा अक्कल लागते. ती हिंदुरावांना नव्हती. ते घाईनं, आधी आजारी पडले.

आणि खरं सांगायचं तर (स्वतःशी तरी) आठवड्यापूर्वी विरुपाक्षांनी प्रथम बोट घालून तपासून ‘गाठ आहे’ म्हटलं तेव्हा हिंदुरावांना वाईट वाटलंच होतं, मथुरा रडली तेव्हा त्यांचेही डोळे भरले होते; पण त्या वाईट वाटण्याच्या खाली, तळघरात कुणीतरी दिवा लावावा तशी एक बारीकशी ऊब होती. आता कळेल. नेमकं काय कळेल, हे त्यांनी पुरतं उलगडलं नाही. त्याच दिवशी घरी येऊन त्यांनी बायकोला, विजयमालेला, कपाटातून नवं कडं आणि जुना पट्टा काढून ठेवायला सांगितलं. ‘आबासाहेबांना लागेल.’ दोन्ही गोष्टी त्यांनी स्वतः पुसून ठेवल्या. कुणी आपल्या जुन्या शाळेत नवा विद्यार्थी दाखल होताना पाहून जितक्या आपुलकीनं पुसेल, तितक्या.

साडूंचं नातं असतंच विचित्र. भाऊ नाहीत, मित्र नाहीत. एकाच घरानं दोन वेगळ्या वर्षी केलेली खरेदी, आणि प्रत्येक सणाला ती शेजारी शेजारी मांडून बघायची. मंगळवेढ्याच्या सासरवाडीत हिंदुराव मोठे जावई. पहिला पाट त्यांचा, पहिला नारळ त्यांचा. पण पाटावर बसल्यावर बोलायचं काय, हे त्यांना कधी सुचलं नाही. ते ताटाकडं बघून ज्वारीच्या भाकरीची स्तुती करत आणि सासूबाई, बजाबाई, संकोचून पदर सावरत. मग मागून धाकटे जावई यायचे. चपला अंगणातच काढून थेट चुलीपाशी उकिडवे बसायचे, ‘मामी, हुरडा कुटंय? का मोठ्या जावयानं खाल्ला समदा?’ म्हणायचे, आणि म्हातारी खदखदून हसायची. ते हसणं हिंदुरावांना कधी मिळालं नाही. मान मिळाला. मान ताटात वाढतात आणि ताट उचलताना परत नेतात.

आणि मग ऑपरेशनानंतर तर पाटही गेला. म्हाताऱ्या सर्जनपाशी इंग्रजी पुस्तक होतं. त्यानं हिंदुरावांना कॉटवर उताणं झोपवलं, बेंबी आणि कंबरेचं हाड यांच्यामध्ये बोटानं मोजलं आणि शाईची फुली केली. पोट सपाट होतं, जागा पुस्तकातल्यासारखीच दिसत होती. पुस्तकातला माणूस खुर्चीवर बसून जेवत असणार. सोलापूर जिल्ह्यातला माणूस मांडी घालून जेवतो, मांडी घालून पूजा करतो, मांडी घालून पत्ते खेळतो आणि मांडी घालूनच मयताला बसतो, हे त्या खोलीत कुणाच्या मनात आलं नाही. खुद्द मांडी घालणाऱ्याच्याही नाही. मांडी घातली की पोटाला बरोबर तिथंच घडी पडे, कडं उचललं जाई आणि सोय गैरसोय होई. त्या वर्षीच्या दिवाळीला मंगळवेढ्यात त्यांच्यासाठी शाळेतून टेबलखुर्ची आणली. ओसरीवर पंगत बसली, आणि सगळ्यांच्या डोक्यांच्या वर एकटे हिंदुराव, परीक्षेच्या हॉलमधल्या सुपरवायझरसारखे. कॉपी कोण करतंय तेवढं बघायचं बाकी. लांबचे कुणी मामा म्हणाले, “प्राध्यापक झालं की पाट टोचतो बगा.” कुणीतरी त्यांना कोपरानं ढोसलं, मामा गप्प झाले आणि ते गप्प होणं सगळ्या ओसरीला ऐकू आलं. तेव्हा आबासाहेब आपलं ताट उचलून आले, टेबलाला टेकून उभे राहिले आणि उभ्याउभ्याच जेवले. “वाऱ्यावर जेवल्यालं पचतंय झ्याक,” म्हणाले. पुढं कित्येक महिने त्या घरात आबासाहेबांच्या त्या मोठ्या मनाची कथा चालली. टेबल हिंदुरावांचं, आतडं हिंदुरावांचं, आणि कौतुक धाकट्याचं.

तरी एक गोष्ट त्यांनी कमावली होती. ‘काही त्रास नाही.’ कुणी विचारलं, कसं काय सर, कसं काय दाजी, की हे तीन शब्द, किंचित हसून. कॉलेजात, सासरवाडीत, रात्री दिवा मालवताना विजयमालेला. हे तीन शब्द त्यांनी इतक्या वेळा आणि इतक्या सफाईनं म्हटले की हळूहळू त्यांना कीर्ती लाभली. कुणाला मधुमेह निघाला, कुणाचा पाय मोडला, की घरातली माणसं म्हणत, दाजींकडं बघा. सासूबाई एकदा कुणाला तरी म्हणाल्या होत्या, “थोरल्या जावयाचं काळीज वाघाचं हाय.” आबासाहेबांचं काळीज कशाचं हाय, याची चौकशी मात्र कधी झाली नव्हती. एवढी एकच जागा होती जिथं हिंदुराव साडूच्या वर होते आणि ती मिळवायला त्यांना वीतभर आतडं द्यावं लागलं होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी विरुपाक्षांनी आबासाहेबांना कॉटवर मांडी घालून बसवलं. हिंदुराव दारात उभे होते. “वाका, मालक. आता उभे राहा. नाडी कुठं बांधता? बांधून दाखवा बरं. आता परत बसा.” प्रत्येक वेळी ते पोटाची घडी बघत आणि तिच्यापासून दूर जांभळ्या शाईनं ठिपका देत, एक डावीकडं, एक उजवीकडं.

“पिना मारायच्या म्हनालात, मग ह्यो गोंदवायचा कार्यक्रम कशाला?” आबासाहेबांनी विचारलं.

“लागली तर जागा बरोबर असावी म्हणून. आत गेल्याशिवाय नक्की सांगता येत नाही.”

“बसवून खूण करायची, हे कधीपासून?” हिंदुरावांनी विचारलं.

“तिथल्या नर्सांनी शिकवलं आम्हांला. आता बसवल्याशिवाय खूण करत नाही.” विरुपाक्ष मनापासून म्हणाले, “तुमच्यासारख्या पेशंटकडूनच शिकलो आम्ही सगळे. पुण्याला सर्जनांच्या संमेलनात मी निबंध वाचणार आहे, सर. जुनी पद्धत आणि नवी पद्धत, दोन गट. जुन्या गटात तुम्हीही आहात.”

म्हणजे फुलीसुद्धा. हिंदुराव व्हरांड्यात येऊन उभे राहिले. बंदूक ठीक, तीन सेंटिमीटरही ठीक. पण साधं मांडी घालायला लावणं? त्याला कसली विलायत लागत होती? पण तेही संशोधन ठरलं होतं, आणि त्यात त्यांचा वाटा होता. इतकी वर्षं ते वर्गात सांगत आले की चुकीचं उदाहरणही उपयोगी असतं, त्यानं नियम स्पष्ट होतो. उदाहरणाला काय वाटतं हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन चाललं असताना बाकावर एका बाजूला मथुरा होती, दुसऱ्या बाजूला विजयमाला आणि मध्ये हिंदुराव. मथुरा डोळे मिटून पुटपुटत होती. हिंदुरावांनीही मनात म्हणायला सुरुवात केली, ‘सगळं नीट होऊ दे.’ वाक्य निर्दोष होतं. फक्त ‘नीट’ या शब्दाशी मन अडखळे आणि तिथून एक चोरवाट फुटे: नीट म्हणजे जीव वाचणं. जीव वाचला म्हणजे झालंच की. बाकीचं काय, माझंही चाललंच आहे, काही त्रास नाही. ते परत पहिल्यापासून म्हणत आणि परत तिथंच येत. मथुरेनं मध्येच डोळे उघडून त्यांचा हात धरला. “दाजी, तुमी हाय म्हणून धीर हाय बगा,” ती म्हणाली. त्यांनी हात सोडवून घेतला नाही, कारण ते आणखी वाईट दिसलं असतं.

विरुपाक्ष बाहेर आले तेव्हा त्यांच्या टोपीतून घाम गळत होता. “जोडलं,” ते म्हणाले. मथुरेनं हात जोडले. “गाठ पूर्ण निघालीय. खालची वाट शाबूत आहे. मात्र जोड फार खाली आहे. तो भरून येईपर्यंत त्यावरून काही जायला नको, म्हणून उजवीकडं वर तात्पुरती वाट काढलीय. पिशवी लागेल. दीड-दोन महिन्यांनी एक्स-रे काढून बंद करू.” या सगळ्यातला एकच शब्द हिंदुरावांच्या कानात स्वच्छ गेला आणि त्यांच्या खांद्यावरून काहीतरी उतरलं. पिशवी लागेल. ते घाईघाईनं घरी गेले आणि पुसून ठेवलेलं कडं व पट्टा घेऊन आले.

त्यानंतरचे दिवस हिंदुरावांच्या आयुष्यातले फार चांगले गेले, असं म्हटलं तर ते कुणाला खरं वाटणार नाही. डॉक्टर जवळ असावेत म्हणून आबासाहेबांना मोहोळला न नेता इथंच, हिंदुरावांच्या घरी ठेवलं. पुढच्या खोलीत दोन कॉट पडल्या. हिंदुरावांनी शिकवायला घेतलं. कातडीला आधी गार पाणी, मग कोमट. कापूस पिळून. कड्याच्या कडेला पावडर लावू नका, चिघळेल. कांदा बंद, हरभऱ्याची डाळ बंद, वाटाण्याचं नाव काढायचं नाही. दुपारी दोनानंतर ताक नको, नाहीतर पिशवी फुग्यासारखी होते आणि तुम्ही मोहोळला उडत जाल. वर्गातल्या पोरांनी कधी ऐकलं नव्हतं असं आबासाहेब ऐकत. त्यांना जमत नसे. बोटं जाड, घाई फार. एकदा पट्टा उलटा बांधला आणि सगळं पांघरुणावर. मथुरा तोंड फिरवून रडायला लागली तेव्हा हिंदुरावांनी बाह्या सारल्या, दोघींना बाहेर घालवलं आणि स्वतःच्या हातानं सगळं निपटलं. आबासाहेब छताकडं बघत पडले होते.

“दाजी, लई लाजिरवानं हाय वो ह्ये.”

“सवय होते.”

“तुमाला कवा झाली?”

“लगेच,” हिंदुराव म्हणाले.

मग आबासाहेबांनाही जमायला लागलं, आणि एकदा जमल्यावर त्यांनी त्यातही थट्टा शोधली. पिशवीतून आवाज आला की ते गंभीरपणे म्हणत, “थोरलं बोललं का धाकलं?” हिंदुराव म्हणत, “डावीकडून आला.” “मग मान तुमचा.” आतून दोघी बहिणी हसत. हिंदुरावांच्या घरात त्या गोष्टीवर कुणी हसेल हे त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. आणि हसल्यावर छत कोसळलं नाही. सासूबाई मंगळवेढ्याहून एसटीनं आल्या, दोन जावई दोन कॉटवर, एकाची डावीकडं एकाची उजवीकडं, असं बघून आधी डोळ्याला पदर लावला आणि मग म्हणाल्या, “आता दोगंबी टेबलावरच जेवा.” आणि आबासाहेब मांडी घालू शकत असूनही, घडी पडत नसूनही, हिंदुरावांबरोबर टेबलावर जेवू लागले. सकाळी आंघोळीच्या वेळी आपण काहीतरी गुणगुणतो आहोत हे हिंदुरावांच्या लक्षात आलं. हेवा कुठं गेला होता ते त्यांनी शोधलं नाही. तो गेला नव्हता, त्याला फक्त खायला मिळत होतं.

मग एक्स-रे झाला. पांढरं औषध खालून आत सोडून विरुपाक्षांनी फोटो काढला, खिडकीत धरला. “बघा सर, थेंबभरही बाहेर नाही. जोड एकदम पक्का.” त्यांना हिंदुराव घरचे, समजणारे वाटत, म्हणून ते त्यांनाच दाखवत. काळ्या फिल्मवर पांढरी नळी खालपर्यंत अखंड गेली होती आणि तिच्या तळाशी बारीक पिनांचं एक गोल कडं चमकत होतं, अंगठीसारखं. बंद करायला पुढचा सोमवार ठरला. “छोटं काम आहे,” विरुपाक्ष म्हणाले, “पण भूल द्यावी लागेल. आणि शंभरात एखाददुसऱ्याचा टाका उसवतो, हे सांगणं माझं काम.”

त्या रविवारी दुपारी मथुरा सामान आणायला मोहोळला गेली होती. विजयमाला आत शेंगांची चटणी कुटत होती. उखळात मुसळ पडल्याचा आवाज एका लयीत येत होता आणि लसणीचा वास पुढच्या खोलीपर्यंत आला होता. पंखा गरम हवा इकडून तिकडं नेत होता. आबासाहेब बराच वेळ गप्प होते. ते गप्प असले की खोलीत कुणी परका माणूस येऊन बसल्यासारखं वाटे.

“दाजी, झोपला का?”

“नाही.”

“मी काय म्हंतो... ऱ्हाऊ द्यायचं का ह्ये असंच?”

हिंदुरावांनी मान वळवली. आबासाहेब कुशीवर वळून त्यांच्याकडंच बघत होते. थट्टेचं नावही त्या तोंडावर नव्हतं.

“मला न्हाय जायचं पुन्ना त्या टेबलावर. तुमाला सांगतो, कुनाला बोलू नका. मागल्या बारीला भूल देताना त्यो मुखवटा नाकावर ठिवला आनि मला वाटलं, संपलं. आईची शपत, मुतलो मी. आता पुन्ना त्येच? आनि टाका उसवला म्हंजी? त्यापरीस ह्ये काय वाईट हाय? मला जमतंय आता. तुमी तर पाच वर्सं झक्कास चालवलंय. कालेजात जाताय, येताय. एकदा तरी म्हनलात का की तरास हाय? आमी मोहोळात बोलतो, मरद असावा तर दाजींवानी. मला तुमच्यावानी ऱ्हायाचंय. तुमी नुस्तं ‘हां’ म्हना. मथुरेला मी समजावतो, डाक्टरला तुमी सांगा.”

मुसळ पडत होतं. एक अक्षर. तेही खोटं बोलायचं नव्हतं. गेली पाच वर्षं जे ते सगळ्यांना सांगत आले तेच परत एकदा सांगायचं होतं. काही त्रास नाही. मग दोन कॉट. दर दिवाळीला मंगळवेढ्यात दोन खुर्च्या. डावी आणि उजवी. सगळं आयुष्य ज्या माणसाच्या हसण्याकडं, उकिडवं बसण्याकडं ते बघत आले, तो आज त्यांच्यासारखं व्हायचं म्हणत होता. त्यांचा, तर्कशास्त्राच्या, टेबलावर जेवणाऱ्या हिंदुरावांचा, हेवा करत होता. हे सुख इतकं मोठं होतं की त्यांनी क्षणभर डोळे मिटले. आणि मिटल्या डोळ्यांपुढं ती काळी फिल्म आली आणि तिच्यातली अखंड पांढरी नळी.

“गाढव आहेस तू,” हिंदुराव म्हणाले.

पंचवीस वर्षांत त्यांनी साडूला ‘अरेतुरे’ केलं नव्हतं. आबासाहेब उठून बसले.

“त्रास नाही? कुणी सांगितलं तुला त्रास नाही?”

“तुमीच की वो.”

“मी सांगतो! मी सांगतो म्हणून तू ऐकतोस? गेल्या पावसाळ्यात भर वर्गात पिशवी सुटली माझी. सबंध वर्ग भरलेला. पोरांनी उठून गुपचूप खिडक्या उघडल्या आणि परत जागेवर बसली. एकजणही हसला नाही. त्या वयाची पोरं, साधी शिंक आली तरी हसतात, आणि हसली नाहीत! तुला कळतंय का मी काय म्हणतो? मी पुढचा मुद्दा सांगितला, फळ्यावर लिहिला, आणि तास संपेपर्यंत टेबलाला पोट दाबून उभा राहिलो. घरी आलो. हिनं विचारलं, तर म्हणालो, काही त्रास नाही. कुणाच्या लग्नात पहिल्या रांगेत बसत नाही मी. एसटीत बसलो तर उतरेपर्यंत श्वास मोजतो. आपलाच वास आपल्याला येतोय की नुसतं वाटतंय, हे पाच वर्षं कळलेलं नाही मला. झोपेत कूस बदलत नाही. आणि तू, तुला तो पोरगा खालून वरून जोडून देतोय, पिना मारून देतोय, उद्या दार उघडून ‘या मालक’ म्हणतोय, आणि तू म्हणतोस राहू द्या? माझी गाठ तुझ्यापेक्षा वर होती! वर! ऐकलंस ना त्या दिवशी? जळतो मी तुझ्यावर. रोज सकाळी तुझं पोट पुसताना जळतो. मला जर त्यानं हजारात एकाचंच जोडलं जातं म्हटलं असतं ना, तर मी रांगत गेलो असतो त्या टेबलापाशी. जा आणि बंद करून घे, नाहीतर परत माझ्या उंबऱ्यात पाऊल ठेवू नकोस.”

ओरडणं थांबल्यावर त्यांना प्रथम वाटलं, पंखा बंद पडला. पंखा चालू होता. मुसळ थांबलं होतं.

“जातो की,” आबासाहेब हलकेच म्हणाले. “रागावता कशाला?” मग खाली बघत, “दाजी, रोज पुसताना?”

“रोज.”

“आनि मी हिकडं मनात म्हनत हुतो, सख्खा भाऊबी करनार न्हाय.”

दोन्ही विधानं खरी होती.

विजयमाला दारात आली. हाताला तिखट लागलेलं, ते हात तिनं साडीपासून दूर, हवेत धरले होते. ती नवऱ्याकडं बघत नव्हती. “आबासाहेब, उद्या किती वाजता बोलावलंय डॉक्टरांनी?” तिनं विचारलं.

“सात म्हनले हुते, अक्का. उपाशीपोटी.”

“मग आज लवकर जेवून घ्या.”

एवढं बोलून ती आत जायला हवी होती. ती आत गेली नाही. येऊन हिंदुरावांच्या कॉटवर बसली, त्यांच्या डाव्या अंगाला टेकून. त्या अंगाला गेली पाच वर्षं ती बसत नसे. तसं कुणी ठरवलं नव्हतं. ऑपरेशननंतर तिनं एकदा उजवी बाजू धरली आणि तीच तिची होऊन गेली. हिंदुरावांनी घाईनं हात पोटावर ठेवला. ओरडून हलकं वाटतं असं लोक म्हणतात. त्यांना हलकं वाटत नव्हतं. उद्या सातला साडू जाणार होता, पुरा होऊन परत येणार होता, पाटावर मांडी घालून जेवणार होता, आणि ते जळणार होते. त्यात तिळभरही फरक पडला नव्हता. तेवढ्यात हाताखालून पिशवीचा आवाज झाला, चांगला मोठा. आबासाहेबांनी थट्टा केली नाही, ते खिडकीकडं बघू लागले.

विजयमालेनं बघितलं नाही. ती मघाशी टेकून बसली होती, तशीच टेकून राहिली. “वर्गात झालं ते मला सांगायला हवं होतंत,” ती म्हणाली. “त्या दिवशी शर्ट तुम्ही स्वतः धुतलात.”

हिंदुरावांच्या ओठांवर नेहमीचे तीन शब्द येऊन उभे राहिले. त्यांनी ते गिळले. पोटावरचा हात मात्र काढायला त्यांना बराच वेळ लागला.